दिग्दर्शक तोच, म्हणून काय झालं?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला परदेशी भयपटांच्या अमेरिकी आवृत्त्यांवरचा लेख वाचला. दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. दुसऱ्यांदा वाचताना रक्तदाबाची गोळी घेतली होती, तरी उपयोग झाला नाही.

लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे यात शंका नाही. इतक्या चित्रपटांची नावं एका दमात घ्यायची म्हणजे छाती लागते. शिवाय ‘द रिंग’बद्दल त्यांनी जे लिहिलंय ते मलाही बरंचसं मान्य आहे. गोर व्हर्बिन्स्कीने 2002 साली केलेला तो चित्रपट वाईट नाहीच. पण मग फोटोचं काय? फोटोखाली आपण छापलंय ‘सादाको’, म्हणजे मूळ जपानी चित्रपटातलं भूत, आणि फोटो आहे अमेरिकी आवृत्तीतल्या भुताचा, समाराचा! हिदेओ नाकाताच्या 1998 च्या मूळ चित्रपटात सादाकोचा चेहरा दिसतच नाही हो. केसांतून एक डोळा दिसतो, संपलं. त्या एका डोळ्याने माणूस खुर्चीत मागे सरकतो. आपण मात्र सडक्या टोमॅटोसारखा चेहरा चार कॉलमांत छापलात आणि खाली नाव दुसरीचं टाकलंत.

असो. फोटो चुकतात. माझं खरं दुखणं लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. मूळ दिग्दर्शकानेच अमेरिकेत जाऊन चित्रपट पुन्हा केला तर त्याचा आत्मा शाबूत राहतो, असं तिथे ठासून सांगितलंय, आणि पुराव्यादाखल ताकाशी शिमिझू या जपानी दिग्दर्शकाचं नाव दिलंय. शिमिझूने 2004 साली ‘द ग्रज’ केला तेव्हा कथा तोक्योतच ठेवली, भुताचं काम करणारी बाईसुद्धा तीच ठेवली. कबूल. पण त्याच दमात पुढच्या ओळीत डच दिग्दर्शक जॉर्ज स्लुइझरचं नाव? ते वाचलं आणि चहा तसाच ठेवून कागद घेतला.

स्लुइझरचा 1988 चा ‘द व्हॅनिशिंग’ लेखकमहाशयांनी पाहिला असेल असं मला वाटत नाही. पाहिला असता तर ही ओळ लिहिताना हात थरथरला असता. मी पाहिलाय. बँकेच्या ट्रेनिंगसाठी पुण्यात होतो, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मित्राच्या पासवर घुसलो होतो. भूत नाही, रक्त नाही, दार करकरत नाही. एक डच जोडपं फ्रान्समध्ये गाडीने सुट्टीला निघालंय. पेट्रोल पंपावर थांबतात, झाडाच्या बुंध्याशी दोन नाणी पुरतात, प्रेमाची खूण म्हणून. ती थंड पेयं आणायला आत जाते. परत येत नाही. तीन वर्षं तो तिला शोधत राहतो.

आणि तिला पळवणारा कोण? रसायनशास्त्राचा मास्तर. बायको, दोन मुली, सगळं सुशील. हा मनुष्य गुन्ह्याची तालीम करतो हो! गाडीचं दार कसं उघडायचं, रुमाल कुठल्या हातात धरायचा, हे एकटाच गाडीत बसून घोकतो आणि मध्येच स्वतःची नाडी मोजतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं पाढे म्हणतात तसं. मला आजही डोळे मिटले की ती नाडी मोजणारी बोटं दिसतात.

शेवटी हा मास्तर स्वतःच तिच्या प्रियकराला भेटतो. म्हणतो, तिचं काय झालं ते कळायला हवं असेल तर तिच्यावर जे गुदरलं ते तुलाही भोगावं लागेल, ही कॉफी पी. कॉफीत गुंगीचं औषध आहे हे दोघांनाही माहीत. पोलिसांकडे गेलास तर जा, पण मग तुला कधीच कळणार नाही. आणि तो पितो! कुणी पिस्तूल लावलेलं नाही, हात बांधलेले नाहीत. कळल्याशिवाय जगता येत नाही म्हणून पितो. जागा होतो तेव्हा अंधार. लायटर पेटवतो तर चारी बाजूंनी लाकडाच्या फळ्या, वर माती. आणि मग मास्तर आपल्या घराच्या अंगणात खुर्ची टाकून निवांत बसलेला. संपला चित्रपट. आम्ही डेक्कनवर एका इराण्याकडे जाऊन बसलो, कॉफी सांगितली आणि दोन्ही कप तसेच निवले.

आता माझी फजिती ऐका. पुढे पाच-सहा वर्षांनी सांगलीला शाखेत असताना डबे खाताना ही गोष्ट मी इतकी रंगवून सांगितली की हेडकॅशियरांनी फर्मानच काढलं, साहेब, एकदा दाखवाच. शेवट तेवढा मी सांगितला नव्हता. कॅसेट लायब्ररीत गेलो. नाव तेच, ‘द व्हॅनिशिंग’. कव्हर झेरॉक्सचं, चेहरे काळेठिक्कर, पण खाली बारीक अक्षरात जॉर्ज स्लुइझर असं नाव होतं. बोट ठेवून वाचलं मी. भाड्याचा व्हीसीआर आणला. शनिवारी रात्री शाखेतले नऊ जण सहकुटुंब आमच्या दोन खोल्यांत. भडंगाचं पातेलं फिरतंय. लहान मुलांना मुद्दाम झोपवलंय.

चित्रपट सुरू झाला आणि पडद्यावर हॉलिवूडचा जेफ ब्रिजेस! म्हणजे ही अमेरिकी आवृत्ती. पोटात गोळाच आला. पण म्हटलं, दिग्दर्शक तोच आहे, स्वतःच्या पोराचा गळा कोण आवळेल? दीड तास तसाच बसलो. माती पडली, अंधार झाला, बायकांनी पदर तोंडाशी नेला. मी खुशीत. आणि तेवढ्यात नायकाची नवी मैत्रीण धावत येते, त्याला जमिनीतून बाहेर काढते, मग मारामारी, फावडं, आणि दुष्टाचा नायनाट! आमच्या शिपायाने टाळी वाजवली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. शेवटच्या प्रसंगात हे दोघं हॉटेलात बसलेत, कुणीतरी कॉफी विचारतं आणि दोघंही एका सुरात नको म्हणतात. विनोद! ज्या कॉफीने मला दोन रात्री झोपू दिलं नव्हतं, तिच्यावर विनोद.

हेडकॅशियर म्हणाले, “साहेब, छान होता, पण यात झोप उडण्यासारखं काय?” त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत शाखेत कॉफी आली की कुणीतरी म्हणणार, “साहेबांना विचारा, घेणार का?” निरोप समारंभात मला काय दिलं असेल? शाल, श्रीफळ आणि थर्मास.

मूळ दिग्दर्शक होता तर आत्मा शाबूत राहतो म्हणे! सुटका होणारच असेल तर नायकाने कॉफी प्यायली काय आणि उसाचा रस प्यायला काय, फरक तो काय पडतो? ज्याचं श्रेय त्याला द्यायला मी तयार आहे. ऑस्ट्रियन दिग्दर्शक हानेकेने आपला 1997 चा ‘फनी गेम्स’ दहा वर्षांनी इंग्रजीत केला तो जवळजवळ एकेक शॉट तोच ठेवून. कुणाला आवडो न आवडो, शेवट वितळवला नाही. उलट परवाचा ‘स्पीक नो इव्हिल’ बघा. 2022 च्या डॅनिश चित्रपटात आईबाप केवळ भिडेखातर मरतात. यजमानाला नाही म्हणणं जमत नाही, म्हणून. 2024 च्या अमेरिकी आवृत्तीत कुटुंब झुंज देऊन सहीसलामत घरी. दिग्दर्शक तिथे वेगळा होता, मान्य. पण स्लुइझर तर तोच होता ना?

लेखाच्या शेवटी मराठी चित्रपटसृष्टीला यातून शिकण्याचा सल्ला दिलाय. आभारी आहोत. आपल्याकडेही विशाल फुरियांनी स्वतःचाच मराठी ‘लपाछपी’ 2021 साली हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला. माझ्या नातीने हिंदी पाहिला आणि मला विचारलं, “आजोबा, हा मराठीत डब झालाय का?” यावर लेखकमहाशयांनी एखादी ओळ लिहिली असती तर बरं झालं असतं.

फोटोच्या चुकीबद्दल दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि लेखकमहाशय कधी सांगलीकडे आले तर अवश्य घरी यावं. थर्मास अजून उत्तम आहे. कॉफी पाजेन.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली

ता. क. गेले तीन रविवार शब्दकोड्याची उत्तरं आपण त्याच पानावर, कोड्याच्या शेजारीच, सुलट अक्षरांत छापताय. निदान पूर्वीसारखी उलटी तरी छापा.