दारातले पितळी दगड

अलिबाग

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास म्हणून मी फार बोलले नाही. पण फोन ठेवल्यावर ते मनातून जाईना. आज सकाळी देवाच्या भांड्यांना चिंच-मीठ लावून ठेवलं आणि लिहायला बसले. दिवाळी तोंडावर आली आहे. समई, निरांजनं, तुझ्या पणजीचा गडू, सगळं काळं पडलंय.

तू म्हणालास, "आई, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी 9 नोव्हेंबरला दारातले ते ज्यूंच्या नावांचे दोन पितळी दगड घासायला बोलावलंय. मी जाऊन काय करू? ना मी जर्मन, ना ज्यू. माझा काय संबंध?" तू उद्धटपणे म्हणाला नाहीस, हे मला कळतं. परक्या देशात, परक्याच्या दुःखात पुढे पुढे करायला तुला संकोच वाटतो. तरी तू जावंस असं मला वाटतं.

मे महिन्यात मी बर्लिनला तुझ्याकडे होते, तेव्हाची एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. चिमणीला किटामधून, तिच्या बालवाडीतून, घेऊन येत होते. बायरिशर प्लाट्झ या चौकाजवळ ती माझं बोट सोडून पळाली आणि दिव्याच्या एका खांबाखाली थांबली. वर पाटी होती, पाटीवर ठिकरीचे चौकोन रंगवलेले. "आजी, ठिकरी!" म्हणून ती फुटपाथवर एका पायावर उड्या मारायला लागली. मी खांबाच्या पलीकडे गेले. पाटीच्या मागच्या बाजूला जर्मन ओळ होती. फोन वर धरून तिचं भाषांतर वाचलं. आर्य आणि अनार्य मुलांना एकत्र खेळायला मनाई. 1938.

चिमणी उड्या मारतच होती. मी तिला उचलून घेतलं आणि तशीच घरी आणलं. तिला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन मी एकटी फिरायला लागले. तुमच्या त्या वस्तीत अशा 80 पाट्या आहेत, रेनाटा श्टिह आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलावंतांनी 1993 साली लावलेल्या. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला हिटलरच्या काळातला एखादा सरकारी हुकूम. पावाचं चित्र, मागे हुकूम, की बर्लिनमधल्या ज्यूंनी दुपारी चार ते पाच एवढ्याच वेळात खाण्याचं सामान घ्यावं. मांजराचं चित्र, मागे, की ज्यूंनी घरात प्राणी पाळू नयेत. गाण्याच्या मंडळात ज्यू नकोत, हे 1933 सालीच. पोहण्याचे तलाव बंद, हे डिसेंबर 1938. बागेत बसायचं तर पिवळी खूण केलेल्या बाकावर. पाट्या पहिल्यांदा लागल्या तेव्हा काहींना वाटलं, कुणीतरी खरोखरच ज्यूंविरुद्ध फलक लावलेत, आणि त्यांनी पोलिसांना फोन केले. मग प्रत्येक पाटीखाली खुलासा करणारी छोटी पट्टी लावावी लागली.

बहुतेक पाट्यांवर मरणाचा शब्दही नाही. मांजर नको, तलाव नको, चारच्या आधी पाव नको. एकेक हुकूम एवढा बारीक, की शेजाऱ्याला गप्प बसणं सोपं जावं.

मग तुझ्या दारातले दगड. गुंटर डेम्निग नावाच्या कलावंताने 1992 साली कलोनला पहिला बसवला, आणि 2023 च्या मे महिन्यात न्यूर्नबर्गला लाखावा. जेमतेम दहा सेंटिमीटरचा चौकोन, वर पितळी पत्रा. सुरुवात बहुधा एकच: "इथे राहत होते." मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. जर्मनमध्ये त्याला श्टोल्परश्टाइन म्हणतात, अर्थ ठेच लागणारा दगड. आपल्याकडे पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात, ते मला तिथे लगेच आठवलं.

खरं सांगू, पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते आवडले नव्हते. माणसाचं नाव पायदळी? म्युनिकच्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख यांचं अगदी हेच म्हणणं आहे. त्या स्वतः लहानपणी एका शेतकऱ्याच्या घरी लपून वाचलेल्या. त्या शहरात सार्वजनिक रस्त्यावर हे दगड बसवू देत नाहीत, भिंतीवर डोळ्यांसमोर येईल अशी पाटी लावतात. मला त्यांचं पटतं. पण तू सांगितलंस की ते घासायला फुटपाथवर गुडघे टेकून बसावं लागतं, तेव्हा मन थोडं वळलं. गुडघे टेकलेला माणूस ते नाव पायदळी घेत नाही.

ज्यांची नावं तुझ्या दारात आहेत, त्यांना घर सोडण्याआधी 16 पानांचा छापील फॉर्म भरून द्यावा लागला असणार. बर्लिनमधून नेल्या जाणाऱ्या ज्यूंकडून तो भरून घेत. बँकेत किती, दागिने किती, इथपासून चादरी किती, टॉवेल किती, चमचे किती, इथपर्यंत. माणसं गेली की अधिकारी येत, यादी ताडून पाहत आणि सामानाचा लिलाव होई. घेणारे त्याच शहरातले लोक. त्या फॉर्मच्या फायली आज पॉट्सडामच्या अभिलेखागारात आहेत, आणि दगड बसवण्याआधी शाळेची मुलं, घरातले रहिवासी तिथे जाऊन त्या वाचतात. कुणाकडे पियानो होता, कुणाकडे शिवणयंत्र होतं, हे त्यातूनच कळतं. लुटीसाठी केलेली यादी आता त्या माणसांची ओळख सांगायला कामी येते. मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण असलं शिकणं आमच्या वर्गात कधी झालं नाही.

ग्रुनेवाल्ड स्टेशनला मी मुद्दाम गेले होते, ते तुला माहीत आहे. बर्लिनच्या ज्यूंना जिथून गाड्यांनी नेलं, तो 17 नंबरचा फलाट. फलाटाच्या कडेला लोखंडी पत्रे, एकूण 186, प्रत्येकावर तारीख, किती माणसं आणि कुठे. पहिली गाडी ऑक्टोबर 1941 ची. चालता चालता मी शेवटच्या पत्र्याशी आले: 27 मार्च 1945, 18 ज्यू, थेरेसिएनश्टाटची छावणी. तेव्हा रशियन फौजा ओडर नदीवर, बर्लिनपासून साठ-सत्तर किलोमीटरवर येऊन ठेपल्या होत्या. राज्य बुडत होतं, तरी 18 माणसांना न्यायला वेळ होता, यादी होती, कारकून होता. रेल्वे या गाड्यांचं माणशी भाडं लावत असे, लहान मुलांचं अर्धं. या अर्ध्या तिकिटापाशी मी अडकले. तुला घेऊन एसटीने पेणला जाताना मी कितीदा म्हटलं असेल, "एक फुल, एक हाफ."

आता माझ्या वर्गाचं सांगते. एकदा नववीतल्या एका मुलाने उठून म्हटलं, "बाई, आपल्यालाही हिटलरच पाहिजे, देश सुधारेल." वर्ग हसला. मी संतापले. त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि तासभर उभं केलं. तो गप्प झाला, शिकला काहीच नाही. साठ लाख ज्यू मारले, त्यात पंधरा लाख मुलं होती, हे मी फळ्यावर लिहिलं आणि पोरांनी परीक्षेपुरतं पाठ केलं. ती चूक माझी. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं दिसतं. पोरगं ते घरून घेऊन येणार, आणि त्याला उभं करून मी काय बदलणार होते?

पुढच्या वर्षी मी देशाचं नाव न सांगता फळ्यावर नियम लिहिले. या मुलांनी या बाकावर बसू नये. या मुलांनी या तळ्यात उतरू नये. आणि विचारलं, हे कुठलं? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "महाड." चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा, आपल्याच जिल्ह्यातला. दोन मुलींनी तर आपल्या आजोळच्या विहिरीचं सांगितलं. मग मी जर्मनीचं नाव घेतलं. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हेही सांगितलं. तिथे एका अख्ख्या जमातीला संपवायचं ठरवून कारखान्यासारखी यंत्रणा उभारली गेली. त्या गुन्ह्याला तोवर शब्दसुद्धा नव्हता. राफाएल लेमकिन या पोलंडच्या ज्यू वकिलाने 'जेनोसाइड', म्हणजे वंशसंहार, हा शब्द 1944 साली घडवला आणि 1948 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार केला. पण बाकापासून सुरुवात केली म्हणून पोरांना आत शिरता आलं. तास संपताना एकाने विचारलं, "बाई, त्यांचे शेजारी काय करत होते?" त्या एका प्रश्नासाठी मला नोकरी केल्यासारखं वाटलं.

तुला मी हेच म्हणते आहे, सोनू. जर्मन की ज्यू हे राहू दे. त्या घरात आज तू राहतोस, म्हणजे तू त्यांचा शेजारी आहेस. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी आलेला असलास म्हणून काय झालं.

ठेचेने माणूस शहाणा होतोच असं नाही, हे मलाही दिसतं. इतके दगड, पाट्या, धडे असूनही 2019 साली योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी जर्मनीतल्या हाले शहरात सिनेगॉगवर, त्यांच्या प्रार्थनामंदिरावर, बंदूक घेऊन माणूस आला. आत पन्नासहून जास्त लोक प्रार्थनेला बसले होते. लाकडी दार टिकलं म्हणून ते वाचले. बाहेर दोघं मेली. मुंबईत नरिमन हाऊसचं दार टिकलं नाही. 26 नोव्हेंबर 2008 ला मारेकऱ्यांना त्या गल्लीतलं नेमकं ते एकच घर हवं होतं, ज्यूंचं म्हणून. आपल्या भूमीवर ज्यूंना कधी त्रास झाला नाही असं आपण अभिमानाने म्हणत आलो. त्या रात्रीनंतर मला ते वाक्य तसंच म्हणता येत नाही.

गाझाचंही तू बोललास. तिथली मुलं पाहून मलाही जेवण जात नाही, आणि तसं वाटणं तू कुणापासून लपवू नकोस. पण 2023 च्या ऑक्टोबरात तुझ्याच शहरात काही घरांच्या दारांवर ज्यूंची खूण म्हणून सहा टोकांचा तारा रंगवला गेला. कुठल्या सरकारने काय केलं याचा जाब तिसऱ्या मजल्यावरच्या ज्यू म्हातारीला विचारायचा नसतो. दारातले दोघं तर इस्रायल हा देश होण्याआधीच मारले गेले.

आपल्या इस्रायल आळीतल्या आजी, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या ज्यू, तुला आठवतात का? तू लहान असताना शुक्रवारी दिवेलागणीला त्यांच्याकडे जाऊन बसायचास. एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताचा मलिदा केला की भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, फळं अशी ताटली पहिली आपल्याकडे यायची. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले, हे तू त्यांच्याच तोंडून ऐकलंस. बर्लिनमध्ये तलाव बंद झाले त्या 1938 साली मुंबईत डॉ. ई. मोझेस नावाचा बेने इस्रायल माणूस नुकताच महापौर होऊन गेला होता. आजी एकदा मला म्हणाल्या होत्या, "आम्ही युरोपात असतो तर?" पुढे बोलल्या नाहीत, सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. त्यांची मुलं इस्रायलला, अश्दोदला गेली, नंतर त्याही गेल्या. घराला कुलूप आहे. येता-जाता मी ओटा झाडते.

तर जा. 9 नोव्हेंबर ही 1938 सालची ती रात्र, जेव्हा सिनेगॉग जाळले, दुकानं फोडली आणि सुमारे 30,000 ज्यू पुरुषांना छावण्यांत टाकलं. त्या बाईंना हे सगळं माहीत असेल, तू भाषण करायचं नाहीस. तिथे चिंच मिळाली नाही तर लिंबाची फोड आणि मीठ घे, मऊ फडक्याने घास. तारेचा घासणा अजिबात नको, अक्षरं एकेक करून हाताने ठोकलेली असतात. मग पाण्याने धुऊन लगेच कोरडं कर, नाहीतर डाग राहतात.

चिमणीला ने. पाच वर्षांच्या मुलीला छावण्या सांगू नकोस. हे दोघं आपल्या घरात राहायचे, त्यांना कुणीतरी जबरदस्तीने नेलं, आपण त्यांचं नाव स्वच्छ करतोय, एवढंच सांग. फडकं तिच्या हातात दे. आणि मेणबत्ती उघडी ठेवू नकोस, नोव्हेंबरात वारा असतो. मी पाठवलेल्या लोणच्याची बरणी रिकामी झाली असेल तर तीत ठेव.

सूनबाईला आशीर्वाद. चिमणीला पापा. समई उजळली की फोटो पाठवते.

तुझी,
आई