मादलेन, मग्दालकर, मदालसा

पिंपळगाव बसवंत,
१८ एप्रिल

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तू फ्रान्सहून फोनवर होणाऱ्या पोरीचं नाव मादलेन ठेवणार म्हणालास आणि मी नुसतं "बघू" म्हणून फोन ठेवला, त्याचा तुला राग आलेला दिसतो. तुझा मेसेजही तेवढ्यास तेवढा होता. माझ्या "बघू"चा अर्थ तुला लहानपणापासून ठाऊक आहे. नाही म्हणायचं नसतं, पण हो म्हणायला थोडा वेळ लागणार असतो. सध्या आपल्या द्राक्षबागेत खरड छाटणी चालू आहे. सकाळी सहाला माणसं येतात, अकरानंतर उन्हात कोणी उभं राहत नाही. त्या मधल्या वेळात ओट्यावर बसून हे लिहितोय. तीन दुपारी गेल्या.

पहिली अडचण तुझ्या आईची झाली. तू नाव सांगितलंस आणि ती दोन दिवस घुम्म. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना एकदम म्हणाली, "केकचं नाव ठेवतात का पोरीला? उद्या आपण कुणाचं नाव करंजी ठेवलं तर?"

तिचं चुकलं नाही. तिला मादलेन म्हणजे गेल्या दिवाळीत सूनबाईने केलेला तो केक एवढंच माहीत. आठवतं ना? शिंपल्यासारखा साचा घरात नव्हता, म्हणून सूनबाईने ओव्हनमध्ये थेट आपलं बिडाचं आप्पेपात्र सरकवलं. लोणी वितळवलं, आपल्या झाडाच्या लिंबाची साल किसून घातली आणि पीठ तासभर फ्रीजमध्ये ठेवलं. आई मागे उभी राहून "फसणार" असं पुटपुटत होती. गार पीठ तापलेल्या पात्रात पडलं तसं प्रत्येक खळग्यात मधोमध एक टेंगूळ वर आलं. सूनबाई टाळ्या वाजवायला लागली. ते टेंगूळ आलं नाही तर मादलेन बिघडली म्हणतात. आईने एक खाल्ला, मग दोन खाल्ले आणि "आपल्या खाऱ्या शंकरपाळ्यांपुढे काही नाही" असं म्हणून तिसरा घेतला.

तर मी तिला म्हटलं, केकचं नाव पोरीला नाही ठेवत, पोरीचं नाव केकला ठेवलंय. फ्रान्सच्या लॉरेन प्रांतात कोमर्सी म्हणून गाव आहे. तिथे १७५५ साली ड्यूक स्तानिस्लासच्या घरी स्वयंपाकघरात भांडण झालं, आचारी निघून गेला आणि मादलेन नावाच्या एका कामवाल्या मुलीने आपल्या आजीच्या पद्धतीचा केक करून वेळ निभावली, अशी तिकडची कथा आहे. खरी असेलच असं नाही, प्रत्येक गोड पदार्थामागे एक राजा उभा करायची खोड सगळीकडेच असते. पण आईला पटली. कामवालीचं नाव पदार्थाला दिलं, राजाचं नाही, हे तिला विशेष आवडलं. आणि आपण तरी काय करतो? तास-ए-गणेश, माणिक चमन, शरद, नानासाहेब, द्राक्षांना दिलेली ही सगळी माणसांची नावं आपण क्रेटमध्ये भरून वाशीला पाठवतो.

तरी मला स्वतःला नावाचा अर्थ हवा होता. शरणपूरच्या माझ्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, आमच्या मराठी बायबलात मग्दालीया मरीया आहे, तीच ही. गालीलच्या सरोवराकाठी मग्दाला नावाचं गाव होतं, तिथली म्हणून मग्दालीया. म्हणजे हे मुळात नावच नाही रे, आडनाव आहे! मरीया हे नाव आणि मग्दालकर हे आडनाव. फ्रेंचांनी मरीया बाजूला ठेवली आणि मग्दालकर पाळण्यात घातली. उद्या कोणी मुलीचं नाव नुसतं "नाशिककर" ठेवलं तर जसं होईल तसं. इंग्रजीत तिची मॅग्डलीन झाली, जर्मनांकडे मॅग्दालेना आणि पुढे नुसती लेना. सूनबाई मात्र तीन अक्षरांतच उरकते. माद्‌लेन. तो मधला "द" मला अजून नीट म्हणता येत नाही.

मित्राने आणखी एक सांगितलं. फ्रेंचमध्ये कोणी फार रडायला लागलं की "मादलेनसारखी रडते" म्हणतात. हे ऐकून मी जरा थबकलो. पोरीला असलं वळण कशाला? पण तो म्हणाला, तिच्यावर हा अन्याय झालाय. येशूचे पाय आसवांनी धुणारी बाई बायबलात आहे, पण तिचं नाव तिथे दिलेलंच नाही. ५९१ साली पोप ग्रेगरीने प्रवचनात ती बाई, बेथानीची मरीया आणि ही मग्दालीया अशा तिघींची एकच करून टाकली, आणि पुढे शतकानुशतकं चित्रकारांनी हिला मोकळे केस सोडून रडत बसवलं. रोमने १९६९ साली कॅलेंडर सुधारताना हा घोळ निस्तरला. थडग्यापाशी ती रडली हे खरं, ते बायबलातच आहे. पण उठलेल्या येशूला आधी तिने पाहिलं आणि बाकीच्यांना निरोप तिने नेला, तेही तिथेच आहे. म्हण मात्र रडण्याचीच राहिली.

तिचा सण २२ जुलैला. सूनबाईला डॉक्टरांनी जुलैचा तिसरा आठवडा दिलाय. म्हणजे नाव असं आलंय तर! हे तू फोनवर सांगितलं नाहीस.

आता माझ्या कामाचं. या २२ जुलैवरून तिकडे द्राक्षांना नावं पडलीत. जी जात लवकर पिकते, मादलेनच्या सणाच्या आसपास रंग धरते, तिला मादलेन म्हणायचं. मादलेन रॉयाल, मादलेन आंजव्हिन अशा कितीतरी. आपल्याकडे एखादा आंबा अक्षय्य तृतीयेला उतरतो म्हणून त्याला आखिती म्हणावं, तसं. आणि यातली एक तुझ्या अगदी पायाशी आहे. तू ज्या मेर्लो या वाइनच्या द्राक्षाच्या बागांत दिवसभर फिरतोस, त्या मेर्लोची आई कोण ते तुला कॉलेजात शिकवलं असेल. मला आत्ता कळलं. बाप काबर्ने फ्राँ ही जात, हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. आई सापडत नव्हती. ब्रिटनीत सँ सुलियाकजवळ एक बेवारस वेल मिळाली आणि मग शारांतमधल्या खेड्यांत, घरांच्या दारासमोर, आणखी चार. डीएनए जुळवला तर हीच मेर्लोची आई. हीच माल्बेक या दुसऱ्या जातीचीही आई. हे सगळं २००९ साली छापून आलं. वेलीला नाव नव्हतं, म्हणजे पुस्तकात नव्हतं. शारांतची म्हातारी माणसं तिला मादलेनच म्हणत, जुलैच्या सणाला पिकते म्हणून. मग शास्त्रज्ञांनीही तेच ठेवलं. माग्दलेन न्वार, म्हणजे काळी मादलेन.

मला हे फार लागलं. लेकरं जगभर गेली, एक बोर्दोची राणी झाली, दुसरी अर्जेंटिनात जाऊन नाव काढती झाली, आपल्या नाशकातही मेर्लो लागली. आई चार घरांच्या ओट्यापुढे सावलीला चढवलेली, आणि तिला कोण विचारत होतं? मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "यात नवीन काय?"

वेलीच्या नावाचा मला धसका का आहे ते तुला माहीत आहे. तू सातवीत होतास. एका रोपवाटिकेतून, नाव लिहीत नाही, माणूस आता नाही, काळ्या जातीच्या म्हणून काड्या आणल्या. डॉगरिजच्या खुंटावर अर्ध्या एकरात कलमं बांधली. काड्यांच्या जुडीला चिठ्ठी होती, चिठ्ठीवर शिक्का होता. मणी सेट झाले, विरळणी झाली, पाणी उतरायची वेळ आली, मी रोज सकाळी जाऊन घड उलटा करून बघायचो. रंग येईना. हिरवा तो हिरवाच. तेव्हा तू विचारलं होतंस, "बाबा, पण चिठ्ठीवर तर काळी लिहिलंय ना?" त्या पोरकट प्रश्नावर मी तुला ओरडलो होतो. चिठ्ठीचं काय, ती आपण बांधतो. वेल आपलं आपलं पिकते.

बाकीच्या मादलेन भराभर सांगतो. पॅरिसचं ते खांबांचं चर्च तू दाखवलं होतंस, ज्यापुढे आईने चप्पल काढली होती. बावन्न खांब, क्रूस नाही, घंटेचा मनोरा नाही. मला तेव्हाच ते देऊळ कमी आणि जिल्हा न्यायालय जास्त वाटलं होतं. आता कळलं की नेपोलियनने १८०६ मध्ये ते आपल्या सैन्याच्या गौरवासाठी म्हणून बांधायला काढलं, तो गेल्यावर ते चर्च झालं, आणि मध्यंतरी तिथे रेल्वे स्टेशन करायचाही विचार होता. १८४२ ला एकदाचं देवाला मिळालं. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात बेटं आहेत, मादलेनची बेटं. १६६३ साली ती ज्याला मिळाली त्याने बायकोचं नाव दिलं. गृहस्थाची वसाहत टिकली नाही, बायकोचं नाव टिकलं. आणि मार्सेल प्रूस्त या लेखकाने चहात बुडवलेल्या मादलेनच्या चवीवरून अख्खं बालपण आठवल्याचं लिहिलं, तेव्हापासून जुनं काही एकदम आठवून देणाऱ्या वस्तूलाच तिकडे "प्रूस्तची मादलेन" म्हणतात. त्याच्या पहिल्या खर्ड्यात केक नव्हताच म्हणे, भाजलेला पाव होता. माझं विचारशील तर गंधकाच्या धुरळणीचा वास. पण तो पोरीला ठेवता येणार नाही.

एक जागा मात्र सूनबाईचं बाळंतपण निभलं की बघून ये. तुमच्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर, दोर्दोन्यमध्ये वेझेर नदीकाठी मादलेनचा कडा आहे. तिथे कड्याखाली हिमयुगातली माणसं राहिली. त्या जागेवरून त्या अख्ख्या काळालाच माग्दालेनियन म्हणतात, साधारण सतरा ते बारा हजार वर्षांपूर्वीचा. तिथे सापडलेला रेनडिअरच्या शिंगातला एक गवा लेझेझी गावच्या संग्रहालयात आहे. त्याचा फोटो मी मोठा करून करून पाहिला. शिंगाचा तुकडा आखूड, समोर डोकं कोरायला जागाच नाही. मग त्या कारागिराने काय केलं, गव्याची मान मागे वळवली आणि जीभ बाहेर काढून त्याला स्वतःची कूस चाटायला लावलं. गोमाशी चावल्यावर आपली तांबडी करायची ना, अगदी तस्सं.

मादलेन ब्रेस हे नाव सूनबाईला विचार. चाकं करणाऱ्या सुताराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, वैद्यकीला प्रवेश घ्यायला कायद्याने नवऱ्याची संमती लागली. १८७५ साली ती पहिली फ्रेंच स्त्री डॉक्टर झाली, आणि प्रबंध लिहिला तो आईच्या दुधावर. आपल्या आनंदीबाई १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. अकरा वर्षांचंच अंतर. आनंदीबाईंना नवऱ्याची संमती नव्हे, त्याचा हट्टच होता, एवढा फरक.

आता शेवटची मादलेन. मी नववीत असताना आमची सहल सेवाग्रामला गेली होती. बापूकुटीत मातीच्या भिंतीवर उठावाची ताडाची झाडं काढलीत. कोणी बघत नाही असं पाहून मी एका झाडावरून बोट फिरवलं आणि मास्तरांनी कान धरला. म्हणाले, "मीराबेननी हाताने केलंय ते." ती कुटीसुद्धा मुळात त्यांची, बापू नंतर तिथे राहायला आले. मीराबेन इंग्रज, एवढं मला माहीत होतं. त्यांचं आधीचं नाव मादलेन स्लेड, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तुझ्या पोरीच्या निमित्ताने कळलं. आरमारातल्या अधिकाऱ्याची मुलगी. बीथोवनच्या संगीतापायी रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाला भेटायला गेली, त्याने तिला गांधींबद्दल सांगितलं, आणि १९२५ च्या नोव्हेंबरात ती साबरमतीला येऊन उतरली. बापूंनी मीरा नाव दिलं. पुढे वर्ध्याजवळच्या शेगावात, बापूंच्याही आधी, जाऊन राहिली. त्या शेगावचंच नंतर सेवाग्राम केलं, कारण टपाल सारखं गजानन महाराजांच्या शेगावला जायचं. नाव बदलायचं इतकं साधं कारणही असू शकतं. १९४२ ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये बापू आणि कस्तुरबांबरोबर तीही कैदेत होती. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या मातीत एक मादलेन शेण-मातीने भिंत लिंपून गेली आणि मी तिच्या कामावर बोट फिरवून कान पिळून घेतला.

हे सगळं मी काल रात्री जेवताना मोठ्याने सांगत होतो. आजीला ऐकू कमी येतं. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "मदालसा? छान नाव काढलंय. पाळणा गाऊन पोरांना ब्रह्मज्ञान शिकवणारी बाई होती ती." मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, आईने डोळे मोठे केले. आजीची पणती मदालसाच राहणार आहे, हे तुम्ही दोघांनी आत्ताच मान्य करून टाका.

राहता राहिलं बारसं. तिकडे जन्माचा दिवस सोडून पाच दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं म्हणे. आपला बारावा दिवस त्यात कुठे बसतो? तेव्हा कागदावर तुम्ही लिहून टाका, कानात आई बाराव्या दिवशी सांगेल. व्हिडिओ लावायचा, पण फोन पाळण्याच्या फार जवळ नको.

आणि हो, आई आज सकाळी मला न सांगता सोनाराकडे जाऊन आली. चांदीची वाटी घेतली आहे. तो नाव कोरायचे अक्षराला पैसे घेतो, म्हणून तिने पाटीवर लिहून मोजलं. मा, द्ले, न. तीनच होतात. फक्त त्या "द"चा पाय मोडायचा की तो "ले"ला जोडायचा, हे सूनबाईला म्हणून दाखवायला सांग आणि आवाजाचा मेसेज पाठव. सोनार शनिवारपर्यंत थांबणार आहे.

तुझा,
बाबा