ओचोआला दोष कशाला?

संपादक महोदय,

म्हापशाच्या बाजारात चहा घेताना परवा मेक्सिकोच्या ओचोआवर शेरा ऐकला, 'विश्वचषकापुरताच गोलकीपर!' २०१४ साली नेमारचा हेडर ऐन गोलरेषेवरून काढून यानेच ब्राझीलला ०-० वर रोखलं. पण त्याचा क्लब अजाक्सिओ त्याच हंगामात फ्रान्सच्या लीगमध्ये तळाला गेला. पुढे २०१६-१७ मध्ये तो स्पेनच्या ग्रानादा क्लबात असताना त्यांनी लीगमध्ये ८२ गोल खाल्ले. क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलासमोर येणाऱ्या चेंडूवर, तो डगमगतो, मान्य. पण पुढचा बचावच चाळणी असेल तर?

भात कापलेल्या शेतात मीही गोलात उभा राहिलोय. गावच्या संघातून सात गोल खाल्ले, आठवड्याने तालुक्याच्या संघातून एकही नाही. हातमोजे तेच होते, अंगठ्याला फाटलेले.

– एक जुना गोलकीपर, म्हापसा