ब्रोकर निवडण्याआधी

गिरगाव, मुंबई

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू तीन ॲपची नावे पाठवून ‘यातले सर्वांत स्वस्त कोणते’ एवढेच विचारलेस. फोनवर तू निम्मे ऐकून ‘हो बाबा’ म्हणतेस, म्हणून लिहून पाठवतो आहे.

दरमहा ५,००० रुपयांचे शेअर घेऊन ते वर्षानुवर्षे ठेवायचे, असा तुझा बेत आहे. अशा डिलिव्हरीच्या खरेदीवर काही ब्रोकर ब्रोकरेज घेतच नाहीत. एसटीटीचे, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरील सरकारी कराचे, ५ रुपये आणि मुद्रांक शुल्काचे ७५ पैसे मात्र सगळीकडे सारखेच लागतात. खरा फरक विक्रीच्या दिवशी कळतो, कारण डीमॅटमधून, म्हणजे शेअर जमा असलेल्या खात्यातून, ते बाहेर काढण्याचे शुल्क बहुतेक ठिकाणी रकमेवर नसून विक्रीच्या दिवशी प्रत्येक कंपनीमागे ठरावीक असते. समज, १,००० रुपयांचे शेअर विकताना १५ रुपये कापले गेले, तर दीड टक्का तिथेच गेला. तेव्हा दरपत्रकाचा हा कोपरा आधी वाच.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या जन्माआधी माझे खाते फोर्टमधल्या एका ब्रोकरकडे होते. गृहस्थ अतिशय गोड बोलणारे, दिवाळीला न चुकता सुकामेवा पाठवणारे. त्यांनी पुढे केलेल्या मुखत्यारपत्रावर मी न वाचता सही केली आणि पुढे त्यांनी माझे शेअर स्वतःच्या कर्जापोटी गहाण टाकले. त्यांच्याकडून येणाऱ्या कागदावर मात्र ते शेअर जागच्या जागी दिसत होते. ते परत मिळेपर्यंत आठ महिने गेले आणि तुझ्या आईला मी त्यातले पाच महिने काहीच सांगितले नव्हते.

तेव्हापासून नियम पुष्कळ कडक झाले आहेत. २०२० पासून शेअर तारण ठेवायचे तर तुझ्याच मोबाइलवर ओटीपी येतो, आणि २०२२ पासून नव्या खात्यांसाठी त्या जुन्या मुखत्यारपत्राची जागा डीडीपीआय नावाच्या मर्यादित अधिकारपत्राने घेतली आहे. तेही ऐच्छिक आहे. तू क्वचित विकणार असल्याने त्यावर सही करू नकोस. विकताना ओटीपी टाकण्याचा त्रास सोसावा. ब्रोकरच्या ॲपवर दिसणारी शिल्लक सीडीएसएल किंवा एनएसडीएल या, आपले शेअर प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या संस्थांकडून थेट येणाऱ्या विवरणपत्राशी ताडून पाहण्याची सवयही लावून घे.

तुझ्या यादीतले तिसरे ॲप मी उघडून पाहिले. पहिल्याच पडद्यावर ऑप्शनच्या, म्हणजे शेअर न घेता त्यांच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांच्या, जाहिराती होत्या. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनच्या अशा सौद्यांत उतरलेल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. जो दुकानदार हाच माल दर्शनी मांडतो, त्याच्याकडे तू जाऊ नयेस असे माझे मत आहे, मग त्याचे ॲप कितीही देखणे असो.

उरलेल्या दोघांचे सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासून घे आणि त्यांच्याविरुद्ध किती तक्रारी आहेत, ते राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसई) संकेतस्थळावर पाहा. मग येत्या सोमवारी, बाजार उघडल्यावर पाच मिनिटांनी, म्हणजे ९.२० ला, दोघांच्याही मदत क्रमांकावर फोन कर. ऐन गर्दीत ॲप अडकले तर हाच क्रमांक कामी येणार आहे. कोणी किती वेळात उचलला ते मला कळव, खाते त्यानंतर उघडू.

तुझे,
बाबा