झाकणाच्या आतल्या तारखा

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर दुकान बंद करणार असल्याचे तुम्ही परवा सांगितलेत, आणि तेही माझ्या घड्याळाची काच पुसता पुसता, पट्टा बदलावा लागेल असे सांगावे तितक्या सहजपणे. मला त्यावर काहीच बोलता आले नाही. समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही 'चहा सांगू का' असे विचारून विषय बदलता, हे गेल्या अठरा वर्षांत मला पुरते कळले आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, रविवार कारंजाजवळच्या त्या आठ फुटी घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसून तुम्ही माझ्यासारख्या हौशी माणसाची आवड कशी घडवलीत, हे तुमच्या इतर गिऱ्हाइकांनाही कळावे असे मला वाटते.

२००७ मध्ये मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती घड्याळाच्या साखळीची दोन कडी काढून घ्यायला. सातपूरच्या माझ्या वर्कशॉपला पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती आणि त्या आनंदात मी मुंबईला जाऊन रोलेक्सचे डेटजस्ट घेतले होते. स्टील आणि सोने एकत्र असलेले, कडेला चुण्यांसारख्या खाचा असलेले, तारखेवर भिंग बसवलेले ते घड्याळ मला आवडले म्हणून घेतले, असे मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. खरे कारण वेगळे होते. दुकानातल्या विक्रेत्याने 'साहेबांसाठी बघताय का' असे विचारले होते आणि त्या रागाच्या भरात समोरच्या कपाटात सर्वांत जास्त चमकणारे जे होते त्यावर मी बोट ठेवले होते. तुम्ही कडी काढलीत, घड्याळ परत दिलेत आणि एवढेच विचारलेत, 'ताई, वेळ बरोबर दाखवते ना?' मला सांगता येईना, कारण मी वेळ मोबाइलमध्येच बघत होते. लाखांत किंमत मोजलेल्या वस्तूला तिच्या कामाबद्दल मी एकदाही विचारले नव्हते.

त्यानंतर मला मोठ्या घड्याळांनी झपाटले. त्या वर्षांत सगळ्यांनाच झपाटले होते. मनगटाबाहेर डोकावणारे घड्याळ म्हणजे यश अशी समजूत होती. मी पॅनेरायचे ४४ मिलिमीटरचे घड्याळ घेतले. इटालियन नौदलाच्या पाण्यात बुडी मारणाऱ्या सैनिकांसाठी, म्हणजे पाणबुड्यांसाठी तयार झालेला तो घाट, चावीवरचा तो भक्कम अडसर, हे सारे मला आपल्या लेथवरच्या कामाशी नाते सांगणारे वाटले. माझे मनगट मात्र पाणबुड्याचे नाही. तुम्ही ते बराच वेळ पाहिलेत आणि म्हणालात, 'घड्याळ तुमच्या हातात नाही ताई, तुमचा हात घड्याळात आहे.' दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती, ती हसली. मी चिडून घरी गेले आणि चार महिन्यांनी ते घड्याळ विकून टाकले.

तुमच्या टेबलावरच्या शिक्षणाची खरी सुरुवात मी ओमेगाचे स्पीडमास्टर घेतल्यावर, म्हणजे २०१३ मध्ये झाली. १९५७ पासून चालत आलेले, १९६५ मध्ये नासाच्या चाचण्यांत उतरलेले आणि १९६९ मध्ये चंद्रावर जाऊन आलेले हे घड्याळ रोज हाताने चावी देऊन चालवावे लागते, आणि त्याची मूळ घडणीतली काच ही काच नसून ॲक्रिलिक असते, कारण ती तडकली तरी तिचे तुकडे उडत नाहीत. महिन्याभरात त्या काचेवर ओरखडा पडला आणि मी हवालदिल होऊन तुमच्याकडे धावले. तुम्ही बोटावर थोडी पॉलिशची पेस्ट घेऊन ती गोल गोल चोळलीत, आणि पाच मिनिटांत ओरखडा गेला. मग म्हणालात, 'ही तर जनताचीच काच आहे.'

एचएमटी जनता! ते घड्याळ माझ्या घरी कपाटात होते. माझे वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते आणि त्यांच्या मनगटावर मी दुसरे घड्याळ कधी पाहिले नव्हते. ते गेल्यानंतर आईने ते रुमालात गुंडाळून ठेवले होते. दुसऱ्याच दिवशी मी ते तुमच्याकडे आणले. तुम्ही मागचे झाकण उघडलेत, डोळ्याला भिंग लावलेत आणि एकदम थांबलात. मग भिंग माझ्या हातात देऊन झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरलीत. तिथे सुईच्या टोकाने कोरल्यासारखे बारीक आकडे होते: ८१, ८६, ९०, ९५. प्रत्येकापुढे एक छोटी तिरकी रेघ. 'माझेच अक्षर आहे,' तुम्ही म्हणालात. सर्व्हिसिंग केले की आत साल कोरून ठेवायचे ही तुमच्या वडिलांची शिस्त तुम्ही पाळत होतात, आणि माझे वडील नाशिक रोडहून बस पकडून चौदा वर्षे तुमच्याकडे येत होते, हे मला त्या दिवशी कळले. तुम्हाला त्यांचा चेहरा आठवत नव्हता. त्याचे तुम्हालाच जास्त वाईट वाटले.

त्या दिवशी तुम्ही मला जनताचे मशीन चालू अवस्थेत दाखवलेत. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेल्या कारखान्याच्या परंपरेतले ते सतरा ज्वेल्सचे, म्हणजे घर्षण कमी करणारे सतरा बारीक खडे बसवलेले साधे मशीन. त्यावर नक्षी नाही, चकाकी नाही. पण बॅलन्सचे चाक आळीपाळीने दोन्ही बाजूंना झोके घेत होते आणि त्याच्या मध्यावरची केसाइतकी बारीक स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी उमलत आणि मिटत होती. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. माझ्या रोलेक्सचे आठ. 'आठवाले जास्त चांगले का?' असे मी विचारले, तेव्हा तुम्ही दोन्ही घड्याळे माझ्या कानाशी धरलीत आणि मला आवडेल ते ऐकायला सांगितलेत. मला जनताचा आवाज आवडला. आजही आवडतो.

मग २०१५ चा तो प्रसंग. माझे एक ऑटोमॅटिक घड्याळ अचानक दिवसाला सात-आठ मिनिटे पुढे जाऊ लागले. मुंबईच्या एका सर्व्हिस सेंटरने संपूर्ण मशीन उघडावे लागेल असे सांगून भली मोठी रक्कम आणि दोन महिन्यांची मुदत कळवली. तुम्ही घड्याळाशेजारी एक होकायंत्र ठेवलेत, त्याची सुई हलली, आणि तुम्ही मला विचारलेत की कारखान्यात सरफेस ग्राइंडरवर जॉब पकडून ठेवणारा लोहचुंबकाचा चक आहे का. अर्थातच आहे, आणि जॉब नीट बसला आहे की नाही ते मी रोज त्यावर वाकून बघते. चुंबकत्वामुळे हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावू लागते, हे तुम्ही समजावलेत, विजेवरच्या छोट्या डबीवरून घड्याळ दोनदा फिरवलेत आणि पैसे घेतले नाहीत. मी उत्साहाने म्हणाले की आता ओमेगाचे १५,००० गॉसपर्यंतचे चुंबकत्व सहन करणारे मॉडेलच घेते. त्यावर तुम्ही म्हणालात, 'घ्या की. नाहीतर ग्राइंडरजवळ जाताना घड्याळ काढून ठेवा.' तो सल्ला फुकट होता आणि मी अजून पाळते.

पुढच्याच वर्षी २ ऑगस्टला गोदावरीला पूर आला. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती, ज्यावरून आम्ही पुराची उंची मोजतो, तो बुडाला म्हणजे काय समजायचे हे नाशिककराला सांगावे लागत नाही. पाणी सराफ बाजारात शिरल्याचे ऐकून तुम्ही गिऱ्हाइकांची घड्याळे बिस्किटांच्या डब्यांत भरून माळ्यावर चढवलीत. तीनशे मीटर खोल पाण्यातही टिकेल असा दावा असलेले माझे घड्याळ तेव्हा तुमच्याकडे मागचे झाकण काढलेल्या अवस्थेत होते, म्हणजे एका तांब्याभर पाण्यालाही ते पुरले नसते. ते तुम्ही रुमालात बांधून शर्टाच्या खिशात घालून घरी नेलेत. संध्याकाळी सगळ्यांना फोन करून घड्याळे सुखरूप असल्याचे कळवलेत. दुकानात पाणी आलेच नाही, त्यामुळे पुढे तुम्ही त्यावर स्वतःच हसत होतात. मला मात्र तो फोन विसरता आलेला नाही.

जुन्या घड्याळांकडे मी वळले तेव्हा सगळ्यात मोठी चूक केली आणि तुम्ही ती सगळ्यात सौम्यपणे दाखवलीत. १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करणाऱ्या फेवर ल्यूबाचे एक सी किंग मला मुंबईच्या एका विक्रेत्याकडे मिळाले, डायल अगदी कोरी, रंग आकाशी. मी ते मोठ्या अभिमानाने तुमच्यासमोर ठेवले. तुम्ही भिंग माझ्याकडे दिलेत आणि स्वतः काहीच न बोलता चिमट्याचे टोक एकेका जागी टेकवत गेलात. मिनिटांच्या रेघा वर बसवलेल्या तासांच्या खुणांशी जुळत नव्हत्या. अक्षरे जाड होती आणि त्यांच्या कडा शाई पसरावी तशा फुटल्या होत्या. तळाशी 'स्विस मेड' असायला हवे तिथे काहीच नव्हते. डायल पुन्हा रंगवलेली होती. मी रंगवणाऱ्याला नावे ठेवू लागले तेव्हा तुम्ही मला थांबवलेत. पावसाळी हवेत डायल खराब होत असे, कंपनीची नवी डायल मिळणे अवघड असे, आणि कोणाला तरी ऑफिसात घालायला नीटनेटके घड्याळ हवे असे. त्याने रंगवून दिले यात फसवणूक कसली? फसवणूक 'अस्सल' म्हणून विकणाऱ्याची. हा भेद मला आधी सुचला नव्हता. ते सी किंग मी परत केले नाही. आकाशी रंग छान आहे.

याच धड्यामुळे साठच्या दशकातले ओमेगा कॉन्स्टेलेशन तुमच्याकडे पॉलिशला आणले तेव्हा तुम्ही ते का नाकारलेत, हे मला पुढे समजले. त्याची डायल उपड्या ताटलीसारखी कडेला उतरती, बारा पैलूंची. मागच्या झाकणावर वेधशाळा आणि आठ तारे. केसवर मात्र पन्नास वर्षांचे ओरखडे होते. पट्टा जिथे अडकतो त्या टोकांच्या धारदार कडांवरून तुम्ही माझे बोट फिरवलेत आणि सांगितलेत की बफिंगच्या चाकाला लावले की ओरखडे जातील आणि त्यांच्याबरोबर या कडाही जातील, मग त्या कोणालाही परत आणता येणार नाहीत. पन्नास मायक्रॉन जास्त उडाले तर जॉब रद्द करणारी मी. मला हे एका घासात कळायला हवे होते. काम नाकारून तुम्ही तुमचे पैसे घालवलेत आणि माझे घड्याळ वाचवलेत.

तुमच्या न्यायबुद्धीची दुसरी बाजूही नोंदवते. ग्रँड सेकोचे स्प्रिंग ड्राइव्ह, म्हणजे स्प्रिंगवर चालणारे पण क्वार्ट्झने वेग राखणारे घड्याळ मी आणले तेव्हा त्याचा सेकंदकाटा टिकटिक न करता पाण्यासारखा सरकताना तुम्ही लहान मुलासारखे बघत बसलात, आणि मग 'हे माझ्या टेबलावरचे काम नाही, कंपनीकडेच पाठवा' असे स्वच्छ सांगितलेत. २०२१ च्या सुमारास पॅटेक फिलिपचे नॉटिलस आणि ऑडेमार पिगेचे रॉयल ओक या महागड्या घड्याळांसाठी सारे जग वेडे झाले होते, तेव्हा मीही एका प्रतीक्षायादीत नाव नोंदवले होते. ते काढून घेतले, यात तुमचा हात नाही. पण यादीत नाव आहे हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटली, एवढे खरे.

अकरा घड्याळे विकून आज माझ्याकडे पाच उरली आहेत. स्पीडमास्टर, कॉन्स्टेलेशन, रंगवलेले सी किंग आणि वडिलांचे जनता ही तुमच्या ओळखीची. पाचवे जेझे-लकुल्त्रचे रिव्हर्सो. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून तोंड फिरवून पाठ पुढे करता येईल अशी ही चौकोनी रचना १९३१ मध्ये निघाली. लहान आहे, बाहीखाली जाते, कोणाच्या लक्षातही येत नाही. तुम्ही ते पाहून म्हणालात, 'आता हात दिसतो.' अठरा वर्षांत माझ्या घड्याळाची तुम्ही केलेली ही पहिली स्तुती.

गेल्या महिन्यात जनता तुमच्याकडून परत आले. झाकण उघडून दाखवायला मी सांगितले होते. ८१, ८६, ९०, ९५, मग १३, १९, आणि आता २५. शेवटच्या आकड्यापुढची रेघ थोडी थरथरली आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की मला आधी कळवा. गाडी घेऊन मीच येईन. आत नेण्यापूर्वी हातातले घड्याळ काढून ठेवायला सांगतील. तुमचे ते सेलचे, पट्टा शिवलेले घड्याळ त्या वेळी माझ्याकडे द्या.

आपली कृतज्ञ,
सातपूरची ताई
नाशिक