बाबांना पत्र: दोघींनी मोजलेली दाढ

नॉर्विच,
12 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, मागे फोनवर तुम्ही म्हणालात, "एवढं काय वेगळं असतं गं तिकडच्या दवाखान्यात? दात तर तेच." दात तेच आहेत, हे खरं. पण गुरुवारी एक प्रकार झाला. तो फोनवर सांगवेना, म्हणून लिहायला बसले.

साठीच्या एक बाई आल्या होत्या. वरची डावी सातवी (पुढच्या मधल्या दातापासून मोजत) दाढ काढायची होती. (तिकडे आपण डेंटिस्ट तिला सत्तावीस नंबर म्हणतो, इथे 'अप्पर लेफ्ट सेव्हन'. पहिले सहा महिने मी मनातल्या मनात भाषांतरच करत होते.) बाईंची सहावी दाढ लहानपणीच काढलेली, आणि सातवी पुढे सरकून तिच्या जागी अशी फिट्ट बसलेली की तोंडात पाहिलं तर तीच सहावी वाटावी आणि मागची अक्कलदाढ सातवी. भूल चढली होती. मी लक्सेटर, म्हणजे दात सैल करायचं धारदार हत्यार, उचलला आणि टोक मागच्या दाढेला टेकवलं. तेवढ्यात नर्सने सक्शनची, म्हणजे थुंकी ओढायची, नळी बाजूला घेतली आणि अगदी सहज म्हणाली, "एक्स-रे पुन्हा एकदा बघूया का?" पेशंटला काही कळलंसुद्धा नाही. स्क्रीनवर आम्ही दोघींनी, नसलेली सहावी धरून, पुढून मागे मोजलं. मुळाशी काळी सावली, म्हणजे संसर्गाची खूण, पुढच्या दाढेला होती. मग तीच काढली. हात मात्र संध्याकाळपर्यंत गार होते.

काढण्याआधी दाताचं नाव मोठ्याने म्हणायचं आणि दोघांनी ताडून पाहायचं, अशी इथे पद्धत आहे. त्या दिवशी वीस मिनिटं उशीर झाला होता, म्हणून मी ती गाळली. चूक माझीच.

नर्स तेवीस वर्षांची आहे, आणि तिचा पगार माझ्या पगारापुढे काहीच नाही. तरी ती बोलली. का बोलू शकली, यावर दोन दिवस विचार करतेय. एक तर 2008 पासून इथे नर्सलाही डेंटल कौन्सिलमध्ये नोंदणी करावी लागते, त्यामुळे चूक झाली तर जाब तिलाही विचारतात. पण मला वाटतं खरं कारण सकाळच्या दहा मिनिटांत आहे. आठ चाळीसला रिसेप्शनिस्ट, नर्सेस, मॅनेजर आणि आम्ही तिघं डेंटिस्ट चहाचे कप घेऊन उभ्याउभ्या दिवसाची यादी वाचतो. कोण घाबरट आहे, कोण रक्त पातळ करायची गोळी घेतं, कोणाची कॅप लॅबमधून अजून आलेली नाही. पूर्वी हे पेशंट खुर्चीत बसल्यावर कळायचं; आता रिसेप्शनिस्ट दोन दिवस आधीच लॅबला फोन करते. सुरुवातीला मला हा शुद्ध टाइमपास वाटायचा. पण तिथे रोज सगळ्यात आधी बोलते ती सगळ्यात नवी मुलगी. मॅनेजरचा तसा नियमच आहे. सकाळी सगळ्यांसमोर तोंड उघडलेलं माणूस दुपारी माझ्यासमोर गप्प राहत नाही.

शुक्रवारी मीच सगळ्यांना झालेला प्रकार सांगितला. कोणी च्च केलं नाही. आता एक्स-रे सतत उघडा ठेवायचा, आणि इंजेक्शनच्या आधी नर्सने फळ्यावर दात लिहायचा, असं ठरलं.

इथे सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. डेंटिस्टांशी झालेल्या 2006 च्या करारापासून सरकारी काम युनिटांत मोजतात आणि त्यावर पैसे देतात: तपासणीला एक, दाढ काढायला तीन, कवळीला बारा. युनिटांच्या मागे धावता धावता नर्सेस दमतात. गेल्या वर्षी आमच्या दोघी गेल्या, एक तर सुपरमार्केटमध्ये. पगार जवळजवळ तेवढाच, आणि तिथे कोणाची थुंकी अंगावर उडत नाही, म्हणाली. त्यानंतर मालकाने नर्सेसच्या नोंदणीची वार्षिक फी स्वतः भरायला सुरुवात केली. आधीच भरली असती तर?

आणि बाबा, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. कराडला तुमच्याबरोबर काम करत होते तेव्हा एका मास्तरांच्या खालच्या उजव्या पाचव्या दाताऐवजी मी चौथ्यालाच ड्रिल लावलं. थोडं एनॅमल गेलं, मग लक्षात आलं. मास्तरांना सांगितलं, दोन्ही भरून दिले, पैसे घेतले नाहीत. तुमच्यापाशी मात्र गप्प बसले. संध्याकाळी ट्रे धुताना आपल्या दवाखान्यातल्या मावशी हळूच म्हणाल्या, "मला दिसलं होतं ताई. पण डॉक्टरला कसं सांगायचं?" मावशी झाडू मारता मारता बघून बघून सगळं शिकलेल्या. बावीस वर्षांत किती दात त्यांना दिसले असतील!

मावशींना माझा नमस्कार सांगा. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल. मास्तरांचा भागही.

तुमची,
मनू

ता. क. आई, मेतकूट संपलं. नर्सलाही आवडलं, तेव्हा या वेळी जरा जास्त पाठव.