आमच्या पेटीवाल्या दादांना, जाहीर थँक्यू

दादा, नमस्कार.

तुम्हाला हे आवडणार नाही माहितीये, पण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "थांब, काकूला देतो" म्हणून सटकता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, सूनबाई वाचून दाखवतीलच.

लोक विचारतात गाणं कुणाकडे शिकलात, मी बाईंचं नाव सांगते आणि ते खरंच आहे, गळा, राग, बंदिशी सगळं त्यांचं. पण मैफल करायला कुठे शिकवतात हो? गाण्याच्या परीक्षा, विशारद झालं, अलंकार झालं, रेडिओची ऑडिशन देऊन बी हाय ग्रेड पण मिळाली आणि तरी स्टेजवर बसल्यावर समोरच्या दीड तासाचं करायचं काय हे मला माहीत नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत. माझ्या साथीला पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवून शिकवलंत आणि त्याहून जास्त न वाजवून.

म्हणजे तोडी रागाचंच घ्या. तोडीचा गंधार (ग) पेटीत नाहीच, पट्टी दाबली की जो येतो तो चढाच लागतो, आणि पट्ट्यांवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही ते वेगळंच. असल्याच कारणांवरून १९४० मध्ये रेडिओने पेटी बंद केली होती, ती थेट १९७१ मध्ये परत आली आणि तीसुद्धा अटी घालून. मी हे परीक्षेत चार ओळीत लिहून मोकळी झाले होते. तुमच्या गुरुजींची मात्र अख्खी उमेद त्यात गेली, रेडिओवर सारंगीवाल्यांना काम आणि हे बाहेर. तरी तुम्ही कधी कुरकुरला नाहीत, उलट म्हणायचात रेडिओवाले अगदीच चूक नव्हते गं, पेटीला आपली जागा कळायला पाहिजे. मी गंधारावर जाऊन थांबले की तुमचं बोट पट्टीवरून उठलेलं असायचं, खाली नुसता षड्ज (सा) धरलेला, बाकी सगळं मोकळं. लोक नंतर येऊन सांगायचे काय गंधार लागला हो आज! लागलाही असेल, पण त्यातला निम्मा तुम्ही रिकाम्या सोडलेल्या जागेचा होता, आणि हे त्यांना कोण सांगणार. (आजकाल काहीजण गायकाच्या आधीच तान संपवून मोकळे होतात. नावं नको.)

आणि तो सत्काराचा कार्यक्रम, गावाचं नाव घेत नाही. आधी शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं भाषण, मग त्या भाषणाचे आभार, आणि दीड तासाची मैफल आली अर्ध्या तासावर. मी विंगेत रडकुंडीला, कारण बागेश्री रागाचा बडा ख्याल झुमऱ्याच्या संथ तालात घोटून घोटून आणलेला. तुम्ही चहा पीत होतात. म्हणालात, झुमरा सोड, मध्यलयीत रूपक ताल घे, आलाप थोडका, आणि एकदा म्हटलेलं परत म्हणायचं नाही, वेळ कमी असला की भरभर गायचं नसतं, कमी गायचं असतं. एवढं सांगून परत चहा. त्या अर्ध्या तासात मी जेवढी नीट गायले तेवढी आधी कधी दोन तासांत गायले नव्हते, आणि त्या दिवशी समोर बसलेल्या एकांनी पुढे मला दुसऱ्या गावच्या म्युझिक सर्कलला बोलावलं, तिथून तिसरीकडे. करिअर करिअर म्हणतात ते माझं असं झालंय, कुणीतरी ऐकलं आणि कुणाला तरी सांगितलं, बस.

पैशांचं बोलायलाही तुम्हीच शिकवलंत. मानधन किती ते आधी फोनवरच स्पष्ट ठरवायचं, लाजायचं नाही, आणि कार्यक्रम झाला की पहिलं पाकीट तबल्याचं, मग पेटीचं, मग आपलं. गोविंदराव टेंबे, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशी थोडी नावं सोडली तर साथीदारांची नावं लक्षात ठेवतंय कोण, पत्रिकेवर कोपऱ्यात बारीक टायपात असतात, कधी तेही नाही. आता माझ्या कार्यक्रमाची पत्रिका छापायच्या आधी मी मागवून बघते आणि साथीदारांचा टाईप वाढवायला लावते. आयोजक वैतागतात. वैतागू देत.

पण खरं थँक्यू आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि त्यावर आपण कधी बोललोच नाही. बाळंतपणानंतर माझा आवाज उतरला होता. आधी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गायचे, आता वरचा षड्ज ओढून आणावा लागत होता आणि मी ते कुणालाच, अगदी घरीसुद्धा, सांगितलं नव्हतं, वाटायचं लोक म्हणणार संपली ही. पहिला कार्यक्रम ठरला, आदल्या दिवशी तुम्ही रियाजाला घरी आलात, पाच मिनिटं ऐकलंत, काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्रीनरूममध्ये बघते तर स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी पेटी) सरकवून एक पट्टी खाली, काळी चारवर आणलेला, तानपुरे उतरवून लावलेले, आणि तबलेवाल्याच्या पिशवीतून काळी चारचा तबला निघाला. म्हणजे तुम्ही त्याला रात्रीच फोन केला होतात! "आजपासून इथे गायचं, वरचा पंचम बघ कसा लागतो." एवढंच. का उतरला, कधी उतरला, परत चढेल का, एक प्रश्न नाही. मोठमोठ्या गायकांचे सूर वयाबरोबर उतरतात हे मला पुस्तकी माहीत होतंच, पण स्वतःचा उतरला की ते काही आठवत नाही. वरचा पंचम लागला दादा. अजूनही तिथेच गातेय.

तुमची बोटं आता साथ देत नाहीत म्हणून तुम्ही स्टेज सोडलंत. हल्ली नवीन मुलगा येतो साथीला, चांगला तयार आहे, हात फार चालतो. तोडी असली की मी त्याला आधी तुमच्या त्या बोटाबद्दल सांगते, त्याला अजून नीट कळलेलं नाही, एकदा तुमच्यासमोरच बसवायचाय.

तर पुढच्या महिन्यात मिरजेला तानपुऱ्यांची जवारी काढून, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुला करून, घ्यायला येणार आहे, त्यालाही घेऊन येतेय, मुक्काम सांगलीला तुमच्याकडेच. काकूंना म्हणावं भडंग करून ठेवा. आणि तेव्हा फोन काकूंकडे देऊन सुटता येणार नाही.

तुमची,
काळी चारवाली